लिमिटेड कंपनीवाले कॉन्ट्रॅक्टर आणि ब्रिटनमधला फर्लो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडात छोट्या कंपन्यांचे हिशेब आणि पगार बघते. बहुतेक गिऱ्हाइकं आयटीतली, त्यात मराठी घरं बरीच. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये माझा फोन सकाळी सातला सुरू व्हायचा आणि रात्री वरणभाताच्या ताटावरही थांबायचा नाही. करोनाकाळातली सरकारी फर्लो योजना ३० सप्टेंबर २०२१ला बंद झाली, पण प्रश्न बंद झाले नाहीत. कुणाला कर खात्याचं, म्हणजे एचएमआरसीचं पत्र आलंय, कुणी कंपनी गुंडाळतोय, आणि कुणाच्या मनात अजून सल आहे की आपल्यालाच एवढे कमी का मिळाले. तीच तीच उत्तरं पुन्हा द्यायला नकोत म्हणून एकदाच इथे लिहून ठेवते. इथे कॉन्ट्रॅक्टर म्हणजे रस्ते बांधणारा ठेकेदार नव्हे. स्वतःची एकट्याची लिमिटेड कंपनी काढून बँकेला, विमा कंपनीला किंवा सरकारी खात्याला दिवसाच्या दराने सेवा विकणारा माणूस, एवढाच अर्थ.

ही फर्लो योजना नेमकी काय होती?

तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी २० मार्च २०२०ला ती जाहीर केली. काम थांबलं तरी माणसाला काढू नका, त्याला पगारावर ठेवा, त्याच्या पगाराचे ८० टक्के आम्ही देतो, असा तिचा गाभा. मर्यादा महिन्याला २,५०० पौंड, आणि लागू १ मार्चपासून मागे. पैसे कंपनीच्या खात्यात यायचे आणि कंपनीने ते कामगाराला द्यायचे. बंद होईपर्यंत १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला आणि सरकारचे सुमारे ७,००० कोटी पौंड खर्च झाले.

फर्लो हा शब्द आपल्याकडे तुरुंगाच्या बातम्यांतून माहीत. कैद्याची संचित रजा ती फर्लो. त्यामुळे नाशिकहून एका गिऱ्हाइकाच्या आईचा घाबरून फोन आला होता, "अहो, तो फर्लोवर आहे म्हणतो, म्हणजे काय केलं त्याने?"

कंपनी माझी, डायरेक्टर मी, नोकरही मीच. मग मला रजेवर पाठवणार कोण?

तुमची कंपनी. कायद्याच्या नजरेत ती वेगळी व्यक्ती आहे. डायरेक्टर जर पीएवायईवर, म्हणजे पगाराच्या पटावर असेल, तर त्याला फर्लोवर ठेवता येत होतं. अट इतकीच की तो कंपनीचा रीतसर निर्णय हवा, कंपनीच्या दफ्तरात त्याची नोंद हवी आणि संबंधित डायरेक्टरला तो लेखी कळवलेला हवा.

एकट्या डायरेक्टरच्या बाबतीत हे फार गमतीचं दिसायचं. एका गिऱ्हाइकाने व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर संचालक मंडळाची सभा भरवली. उपस्थिती: एक. ठराव मांडला, स्वतःच मंजूर केला, मग स्वतःला पत्र लिहिलं, "कळवण्यात येते की कामाअभावी आपणास फर्लोवर ठेवण्यात येत आहे." खाली कंपनीतर्फे सही, आणि त्याखाली "मान्य आहे" म्हणून पुन्हा सही. बायको मागून म्हणाली, "अध्यक्ष महोदय, कुकर बंद करा." आम्ही हसलो खरं, पण पुढे तपासणीत पहिल्यांदा मागितला जाणारा कागद तोच. ज्यांनी "आपल्याच घरातली कंपनी, कागद कशाला" म्हणून टाळलं, त्यांनी नंतर घाम पुसला.

किती पैसे मिळायचे?

इथेच सगळ्यांचा हिरमोड व्हायचा. २०१९-२० या करवर्षात बहुतेक कॉन्ट्रॅक्टर स्वतःला महिना ७१९ पौंड पगार देत. त्याच्या वर गेलं की नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारावरची सरकारी विम्याची वर्गणी, लागायचा, म्हणून बरोबर त्या रेषेवर थांबायचं, आणि उरलेली कमाई लाभांश म्हणून घ्यायची. ७१९चे ८० टक्के म्हणजे ५७५ पौंड २० पेन्स. महिना पाच-सहा हजार पौंड घरी आणणाऱ्या माणसाला हा आकडा सांगितला की फोनवर शांतता पसरायची. मग प्रश्न यायचा, "अडीच हजार म्हणाले होते ना टीव्हीवर?" हो, पण अडीच हजार ही वरची मर्यादा. हिशेब पगाराचा.

"मग मार्चपासून पगार वाढवून घेतो" हा पुढचा तोडगा. तोही बंद होता. ठरलेला पगार असणाऱ्यांसाठी १९ मार्च २०२०पूर्वी संपलेला शेवटचा पगाराचा काळ धरायचा होता, म्हणजे बहुतेकांचा फेब्रुवारी. मागाहून वाढवलेला पगार मोजायचाच नाही.

पुढे सरकारचा वाटा कमी झाला. सप्टेंबर २०२०मध्ये ७० टक्के, ऑक्टोबरमध्ये ६०, पण कामगाराला मिळायचे ८० ते ८०च. फरक कंपनीने भरायचा. म्हणजे सप्टेंबरात सरकारकडून ५०३ पौंड ३० पेन्स, आणि ७१ पौंड ९० पेन्स तुमच्याच कंपनीच्या खिशातून तुमच्या खिशात. नोव्हेंबरपासून पुन्हा ८० टक्के सुरू झाले. २०२१च्या जुलैत ७०, ऑगस्ट-सप्टेंबरात ६०, आणि मग कारभार आटोपला.

लाभांशही माझ्याच घामाचा होता. तो का धरला नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा, आणि सगळ्यात जास्त रागाने विचारला गेला.

सरकारी उत्तर असं: वैयक्तिक करविवरणात लाभांशाची बेरीज एकत्र लिहिली जाते. त्यातला किती स्वतःच्या कंपनीतून कष्टाने आला आणि किती शेअर बाजारातल्या गुंतवणुकीवर बसल्या जागी मिळाला, हे एचएमआरसीच्या नोंदीतून वेगळं काढता येत नाही. गैरव्यवहाराचा धोका नको म्हणून तो सगळाच बाहेर. संसदेच्या ट्रेझरी समितीने जून २०२०च्या अहवालात दहा लाखांहून जास्त लोक मदतीच्या बाहेर राहिल्याचं म्हटलं, आणि त्यात असे डायरेक्टरही मोजले. फॉरगॉटन लिमिटेड, एक्सक्लूडेड यूके अशा मोहिमा उभ्या राहिल्या. डायरेक्टरांसाठी वेगळी योजना आखून तीही सरकारपुढे ठेवली गेली. ती स्वीकारली गेली नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे. नोंदीची अडचण खोटी नव्हती, पण ती सोडवायची इच्छाही फारशी दिसली नाही. कंपनीच्या हिशेबाशी ताळा करून, अर्जदाराकडून प्रतिज्ञा घेऊन मार्ग निघाला असता. दुसरीकडे, ७१९चा पगार आपणच निवडला होता, आणि तो निवडायला माझ्यासारख्या हिशेबनिसांनीच सांगितलं होतं. वर्षानुवर्षं कर वाचला तेव्हा ती हुशारी होती. योजनेने कमाईकडे नव्हे, पगाराकडे पाहिलं, आणि कागदावरचा पगार एवढाच होता.

मी वर्षातून एकदाच पगार दाखवायचो. मला पहिल्या फेरीत का नाकारलं?

ही खरी दुखरी नस. एकट्याची कंपनी असली की दर महिन्याला पगाराचं विवरण पाठवायचं कशाला, म्हणून बरेच जण वार्षिक पद्धत घेत: वर्षाचा सगळा पगार एका तारखेला दाखवायचा, बहुधा मार्चअखेरीला. विवरण एकच, हिशेबनिसाची फीही कमी.

योजनेची अट मात्र अशी होती की तुमच्या पगाराची माहिती आरटीआयमधून एचएमआरसीला पोचलेली हवी. (इथल्या आरटीआयचा माहितीच्या अधिकाराशी संबंध नाही, पगार देताना त्याच वेळी खात्याला कळवायची ही ऑनलाइन पद्धत.) आधी पटावर असण्याची तारीख २८ फेब्रुवारी होती, १५ एप्रिलला ती सैल करून १९ मार्च २०२० केली, आणि विवरण त्या तारखेपर्यंत पोचलेलं हवं असं ठरलं. वार्षिकवाल्यांना त्याच करवर्षातलं, म्हणजे ६ एप्रिल २०१९नंतरचं विवरण लागत होतं. ज्याने १५ मार्चला पाठवलं तो आत, ज्याने नेहमीप्रमाणे ३१ मार्चला पाठवलं तो बाहेर. पगार तोच, कंपनी तशीच, फरक सोळा दिवसांचा. माझ्याकडे असे दोन सख्खे भाऊ होते, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. धाकट्याने मला बरेच दिवस फोन केला नाही.

पण अनेकांना कळलंच नाही अशी एक गोष्ट आहे. १ नोव्हेंबर २०२०पासून योजना वाढवली तेव्हा नवी तारीख आली: २० मार्च ते ३० ऑक्टोबर २०२०च्या दरम्यान विवरण पोचलेलं असलं तरी चालेल. म्हणजे ३१ मार्चवाले नोव्हेंबरपासून पात्र झाले! एकदा नकार मिळाला म्हणून पुष्कळांनी नंतरचे नियम वाचलेच नाहीत. आता उपयोग नाही. शेवटचे दावे १४ ऑक्टोबर २०२१ला संपले.

फर्लोवर असताना मी काय करू शकत होतो?

कंपनीला कमाई करून देईल असं काहीही नाही, कुणाला सेवा देणं नाही. कायद्याने डायरेक्टरवर टाकलेली कामं तेवढी चालत: वार्षिक हिशेब दाखल करणं, कंपनीची माहिती नोंदवणं, पगार काढणं, फर्लोचा दावा भरणं. तीही गरजेपुरती. स्वतःचं प्रशिक्षण चालत होतं. एका गिऱ्हाइकाने त्या काळात क्लाउडच्या तीन परीक्षा दिल्या. दुसऱ्या संस्थेत स्वयंसेवा चालत होती. दुसरीकडे नोकरी, मूळ करार आड येत नसेल तर, तीही.

खरा गोंधळ करड्या पट्ट्यात होता. जुन्या क्लायंटचा फोन आला, "जरा पाच मिनिटं सर्व्हर बघतोस का?" बिल लावलं नाही तरी ती कंपनीतर्फे दिलेली सेवाच. मी सगळ्यांना सांगायचे, फोन उचला, तब्येत विचारा, सर्व्हरची विचारू नका.

अर्ज भरताना एवढा त्रास का झाला?

पोर्टल २० एप्रिल २०२०ला उघडलं आणि चाललं चांगलं. पहिल्याच दिवशी १ लाख ४० हजारांवर कंपन्यांनी दावे भरले. पैसे साधारण सहा कामकाजी दिवसांत यायचे. अडचण वेगळीच. अनेक कॉन्ट्रॅक्टरांकडे पीएवायईचं ऑनलाइन खातंच नव्हतं, कारण ते सगळं हिशेबनीस बघायचा. खातं उघडलं तर चालू करायचा कोड टपालाने येणार. लॉकडाउनमध्ये पोस्टमनची वाट बघणारी आयटीतली माणसं मी तेव्हा पाहिली. आणि तुमचा हिशेबनीस केवळ विवरणं पाठवण्यापुरता नेमलेला असेल, तर त्याला तुमच्या वतीने दावा करता येत नव्हता.

शेजारच्या प्लंबरला माझ्यापेक्षा जास्त कसे मिळाले?

कारण तो स्वयंरोजगारी होता, कंपनी नव्हता. त्याच्यासाठी २६ मार्च २०२०ला वेगळी योजना आली. करपात्र नफा ५०,००० पौंडांपर्यंत असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी नफ्याचे ८० टक्के, मर्यादा ७,५०० पौंड. वर्षाला ४०,००० नफा असलेल्याचा हिशेब ८,००० निघतो, म्हणजे त्याला पूर्ण ७,५०० मिळाले. तुमचे तीन महिन्यांचे १,७२५ पौंड ६० पेन्स. वर त्याला काम थांबवायची अटही नव्हती. धंद्यावर परिणाम झाल्याचं सांगून तो नळ दुरुस्त करतच राहू शकत होता. लिमिटेड कंपनीच्या डायरेक्टरला ही योजना लागू नव्हती. या तुलनेवर माझ्याकडे समाधान करणारं उत्तर नाही.

बायकोही कंपनीत पगारावर होती. दोघांचा दावा चालला का?

ती खरोखर पटावर असेल, तारखेच्या आत विवरण गेलं असेल आणि तिचं काम खरंच थांबलं असेल, तर हो. मात्र ती हिशेब लिहीत होती आणि फर्लोतही लिहीतच राहिली, तर नाही.

डिपेंडंट व्हिसावर असताना घेतलेल्या फर्लोमुळे पुढे पीआरला अडचण येते का?

हा प्रश्न फक्त आपल्या लोकांकडून यायचा, आणि भीती रास्त होती, कारण व्हिसावर "सरकारी निधीचा आधार नाही" असं छापलेलं असायचं. पण एचएमआरसीने तेव्हाच स्पष्ट केलं की कोणत्याही प्रकारच्या व्हिसावरच्या कामगाराला फर्लोवर ठेवता येतं आणि हे पैसे त्या अर्थाने सरकारी निधी धरले जात नाहीत. भीतीपोटी हक्काचे पैसे सोडलेली दोन घरं मला माहीत आहेत. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता, त्याची गोष्ट वेगळी, ते सरकारी निधीत मोडतं.

आयआर३५मध्ये असलेल्यांचं आणि अंब्रेलावाल्यांचं काय?

आयआर३५ म्हणजे स्वतःची कंपनी मधे असली तरी प्रत्यक्षात नोकरासारखं काम करणाऱ्याला पगारासारखा कर लावणारा नियम. अंब्रेला म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला स्वतःच्या पटावर घेणारी मधली कंपनी. तिचा माणूस तिचा नोकर, त्यामुळे फर्लो द्यायचा की नाही हे तिने ठरवायचं. काहींनी दिला, काहींनी टाळला. सरकारी खात्यांत एजन्सीमार्फत करारावर असलेल्यांसाठी सुरुवातीच्या महिन्यांत खात्यांनाच ८० टक्क्यांपर्यंत, २,५०० पौंडांच्या मर्यादेत, पैसे चालू ठेवायला सांगितलं होतं. खासगी क्षेत्रातला आयआर३५चा बदल एप्रिल २०२०ला येणार होता. १७ मार्चला तो एक वर्ष पुढे ढकलला. त्याच्या धास्तीने बँकांनी आधीच कॉन्ट्रॅक्टर कमी केले होते, त्यामुळे काहींचं काम करोनाने गेलं की आयआर३५ने, हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

आठवड्यातून दोन दिवस काम मिळालं असतं तर?

जून २०२०अखेरपर्यंत नाही: फर्लो सलग किमान तीन आठवड्यांचा आणि त्या काळात काम शून्य. १ जुलैपासून लवचिक फर्लो आला. दोन दिवस काम, तीन दिवस फर्लो, आणि दावा फक्त न केलेल्या तासांचा. कॉन्ट्रॅक्टरला याचा उपयोग झाला, पण तासांची नोंद ठेवावी लागे. "साधारण अर्धा दिवस" ही नोंद नव्हे.

फर्लोशिवाय दुसरं काय होतं?

खरं म्हणजे कर्ज. ४ मे २०२०पासून बाउन्स बॅक लोन: उलाढालीच्या २५ टक्क्यांपर्यंत, २,००० ते ५०,००० पौंड, पहिलं वर्ष बिनव्याजी आणि नंतर अडीच टक्के. त्यातून स्वतःला लाभांश वाटणाऱ्यांना मी तेव्हाच अडवलं. लाभांश नफ्यातूनच देता येतो, कर्जाच्या शिलकीतून नाही. छोट्या दुकानांना मिळालेलं १०,००० पौंडांचं अनुदान व्यावसायिक जागेवरच्या कराशी जोडलेलं होतं. घरच्या खोलीत बसून काम करणाऱ्याला ते कुठून मिळणार?

फर्लोच्या पैशांवर कर?

अनुदान कंपनीचं उत्पन्न, दिलेला पगार कंपनीचा खर्च. बहुधा बेरीज-वजाबाकी शून्य, पण कंपनीच्या करविवरणात ते वेगळं दाखवायचं होतं. तुमच्या हातात पडला तो नेहमीसारखा पगारच.

भारतात असं काही होतं का?

पगाराचा थेट वाटा उचलणारं नाही. १००पर्यंत कामगार असलेल्या आणि त्यातले ९० टक्के १५,००० रुपयांखाली असलेल्या आस्थापनांसाठी केंद्राने मार्च ते ऑगस्ट २०२० दोन्ही बाजूंचा भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे २४ टक्के, भरला. पुण्यातल्या फ्रीलान्सरला त्यातून काही मिळण्यासारखं नव्हतं.

जास्तीचे पैसे घेतले गेले असतील तर? खात्याचं पत्र आलंय.

पत्र कपाटात ठेवू नका, एवढं आधी. जुलै २०२०च्या वित्त कायद्याने जादा घेतलेल्या रकमेवर १०० टक्के कर लावला, म्हणजे सगळी रक्कम परत. ९० दिवसांत कळवायची सवलत होती. चूक माहीत असून लपवली तर त्यावर तेवढाच दंडही होऊ शकतो, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर डायरेक्टर स्वतः अडकू शकतो. साध्या चुकीसाठी खातं साधारण चार वर्षं मागे जातं, निष्काळजीपणा असेल तर सहा, मुद्दाम केलेलं असेल तर वीस.

माझ्या अनुभवात पत्रं आलेल्यांपैकी बहुतेकांची चूक किरकोळ होती: एखाद्या महिन्याचे दिवस चुकीचे मोजलेले, किंवा फर्लोच्या काळातल्या तारखेचं एखादं बिल. त्या बिलाचं काम आधी झालं होतं हे दाखवणारी टाइमशीट सापडली की विषय संपला. ज्याच्याकडे टाइमशीट नव्हती त्याने पैसे परत केले आणि झोपला.

कंपनी बंद केली. आता कागद टाकून देऊ का?

नोंदी सहा वर्षं ठेवायच्या आहेत, कंपनी राहो न राहो. दाव्यांच्या रकमा, हिशेबाचे तक्ते, लवचिक फर्लो असेल तर तासांची वही, बँकेची उतारेपत्रं. आणि ते पत्र, तुम्ही तुम्हाला लिहिलेलं. त्याचा फोटो काढून ठेवताना खालचा भाग कापला जाणार नाही एवढं बघा; दोन्ही सह्या दिसायला हव्यात.